दातांची साक्ष आणि जन्माची नोंद

बैलबाजारात जनावराचे वय कोणी कागद पाहून ठरवीत नाही. विकणारा काहीही सांगो, घेणारा शेतकरी बैलाचा खालचा ओठ उघडून दात पाहतो आणि मगच भाव करावयास बसतो. दुधाचे दात असले तर तो ‘आदत’, पुढचे दोन कायम दात आले म्हणजे ‘दुसा’, चार आले म्हणजे ‘चौसा’, आणि सर्व कायम दात आले की तोंड ‘जुळले’, असे म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पूर्वापार आहे. दात ठरावीक क्रमाने आणि साधारणतः ठरावीक वयात येतात, हे निसर्गाचे सूत्र त्यामागे आहे.

हेच सूत्र माणसाच्या मुलांनाही लागू पडते. मात्र बैलाच्या वयात एखाद्या वर्षाची चूक झाली तर व्यवहारात थोडाफार तोटा होतो. मुलाच्या वयात तेवढीच चूक झाली तर त्याचे शिक्षण, त्याचा विवाह, क्वचित त्याचे स्वातंत्र्यही पणास लागते. म्हणूनच मुलांच्या दातांच्या क्ष-किरण चित्रावरून वय कसे अजमावले जाते, त्या अंदाजावर किती विसंबावे आणि कोठे थांबावे, हे शिक्षक, पंचायत सदस्य व गावपातळीवरील अधिकारी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वयाचा प्रश्न कोठे उपस्थित होतो

सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मिळाला. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास, घरच्या कामातील मदतीसारखे अपवाद वगळता, मनाई आहे. मुलीचे वय १८ आणि मुलाचे वय २१ पूर्ण होण्यापूर्वी लावलेला विवाह हा २००६ च्या कायद्यानुसार बालविवाह ठरतो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकास लागू आहे. अपराधाचा आरोप असलेली व्यक्ती घटनेच्या दिवशी १८ वर्षांखालील असेल तर तिचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते. सहा, चौदा, सोळा, अठरा, एकवीस अशा या रेषा कायद्याने स्पष्ट आखल्या आहेत. मूल रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे सांगणारा कागद मात्र प्रत्येक वेळी हाती असतोच असे नाही.

पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यातील हिर्डोशी हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हिरडस मावळात ते वसलेले आहे. नीरा नदीचे खोरे, सभोवार सह्याद्रीचे डोंगर, धुवाधार पाऊस, भाताची खाचरे आणि पावसाळ्यात दरडी कोसळून बंद पडणारी वाट, असे हे मुलूख. अशा भागातील कुटुंबाच्या मुलाचा जन्म एकाच गावच्या दप्तरात सापडेल याची खात्री देता येत नाही. सून बाळंतपणासाठी घाटाखाली महाडकडील माहेरी गेली असेल, किंवा कुटुंब कामधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईस राहत असेल, तर जन्माची नोंद तेथेच होते. कारण जन्म जेथे घडला तेथील निबंधकाकडे तो नोंदविला जावा असा नियम आहे. आईवडील ज्या गावी राहतात तेथील नोंदवहीत नाव नाही, एवढ्यावरून जन्माची नोंदच नाही असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मागील पिढ्यांच्या बाबतीत अडचण आणखी निराळी. गाव नमुना १४, ज्याला सर्वसाधारण भाषेत ‘कोतवाल बुक’ म्हणतात, त्यात जन्माची तारीख व बापाचे नाव सापडते, परंतु मुलाचे नाव पुष्कळदा सापडत नाही. केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद असते. शाळेच्या दप्तरात दुसराच प्रकार आढळतो. शाळा जूनमध्ये सुरू होत. पालकांना तारीख सांगता आली नाही तर प्रवेशाचे वय पुरे होईल असे वर्ष धरून गुरुजी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकीत. महाराष्ट्रातील हजारो कर्मचारी, शेतकरी व पेन्शनर यांचा वाढदिवस आजही १ जून रोजी येतो, त्याचे कारण हेच. त्या काळी ही सोय होती आणि तिच्यामुळे अनेक मुले शाळेत आली. परंतु अशी तारीख ही अदमासाने लिहिलेली तारीख असते, हे विसरून चालत नाही.

दाताची घडण

मुलाला दुधाचे वीस दात येतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत वीसही दात पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायम दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नाही. त्यामुळे ती आल्याचे पालकांच्या ध्यानातही येत नाही, आणि तिलाही दुधाची समजून तिची आबाळ केली जाते. सहा ते नऊ या वयात पुढचे पटाशीचे दात बदलतात. नऊ ते बारा या काळात सुळे व उपदाढा येतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायम दाढ येते. अक्कलदाढ सतरापासून पंचविसापर्यंत केव्हाही येते आणि काहींना ती येतच नाही.

यातून एक गोष्ट लक्षात येईल. तेरा वर्षांनंतर सुमारे सतराव्या वर्षापर्यंत तोंडात नवा दात सहसा दिसत नाही. चौदा, सोळा आणि अठरा या कायद्याच्या रेषा नेमक्या याच काळात किंवा त्याला लागून येतात. ज्या वयाविषयी विचारणा सर्वाधिक होते, त्या वयात केवळ तोंड उघडून पाहण्याने फारसे काही कळत नाही. शिवाय दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली तर तिच्या खालचा कायम दात लवकर किंवा उशिरा वर येतो. म्हणजे दात हिरडीबाहेर येणे ही क्रिया बाह्य कारणांनी पुढेमागे होऊ शकते.

क्ष-किरण चित्रात काय दिसते

दाताचे खरे वेळापत्रक हिरडीखाली, जबड्याच्या हाडात चालते. दात वरून खाली घडत जातो. प्रथम चावण्याच्या पृष्ठभागाची टोके कठीण होतात, ती एकमेकांस जुळतात, मग दाताचा वरचा भाग म्हणजे शिखर पुरे होते, नंतर मूळ वाढू लागते आणि सर्वांत शेवटी मुळाचे टोक मिटते. पहिल्या कायम दाढेची घडण जन्माच्या सुमारास सुरू होते, तिचे शिखर तीन वर्षांपर्यंत पुरे होते, सहाव्या वर्षी ती बाहेर येते आणि तिचे मूळ नऊ-दहा वर्षांच्या सुमारास बंद होते. दुसऱ्या दाढेचे मूळ पुरे व्हायला चौदा ते सोळा वर्षे लागतात. अक्कलदाढेची घडण तर सात ते दहा वर्षांच्या दरम्यान सुरू होऊन अठरानंतरही चालू राहते. तोंडात काही दिसत नसताना जबड्यात चाललेले हे काम क्ष-किरण चित्र दाखविते. दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखविणाऱ्या यंत्राने काढलेल्या अशा चित्रास रुग्णालयात ‘ओपीजी’ म्हणतात.

ही घडण मोजण्याची जगात सर्वाधिक वापरली गेलेली पद्धत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅनडातील माँट्रियल येथील आर्तो डेमिर्जियन यांनी हार्वे गोल्डस्टीन व जे. एम. टॅनर यांच्यासमवेत फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या २,९२८ मुलामुलींची क्ष-किरण चित्रे तपासली. खालच्या जबड्यातील डाव्या बाजूचे, अक्कलदाढ सोडून, सात दात त्यांनी निवडले आणि प्रत्येक दाताच्या घडणीचे आठ टप्पे केले. पहिल्या टप्प्यात दाताची सुटी टोके दिसतात. चौथ्यात शिखर पुरे होते. पाचव्यात मूळ शिखराहून आखूड असते. सहाव्यात ते शिखराइतके किंवा अधिक लांब होते, पण त्याचे टोक नरसाळ्यासारखे उघडे असते. आठव्यात टोक पूर्ण मिटलेले असते. प्रत्येक टप्प्यास ठरावीक गुण आहेत. सात दातांच्या गुणांची बेरीज शंभरापैकी काढतात आणि कोष्टकावरून त्या बेरजेचे वय वाचतात. मुलींचे दात मुलांपेक्षा काहीसे आधी घडतात. त्यामुळे दोघांची कोष्टके स्वतंत्र आहेत.

गिरणीतील मुले

दातांवरून वय पाहण्याची गरज प्रथम शासकीय पातळीवर निर्माण झाली ती इंग्लंडमध्ये. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे कामाचे तास मर्यादित केले. परंतु मुलाचे वय नऊ आहे की सात, हे ठरविणार कसे? डॉक्टर उंची व अंगकाठी पाहून दाखला देत, आणि गरजेपोटी पालकही वय वाढवून सांगत. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुमारे एक हजार मुलांचे दात तपासून, उंचीपेक्षा दात हा वयाचा अधिक भरवशाचा पुरावा आहे, असे पुस्तिकेद्वारे तेथील संसदेपुढे मांडले.

त्याच १८३७ साली इंग्लंड व वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली. कायदा चार वर्षे आधी आला होता, पण तो राबविण्यासाठी लागणारी नोंदवही नव्हती. ती पोकळी भरून काढण्यासाठी दातांकडे वळावे लागले. नोंद नसेल तेथे शरीराची साक्ष काढावी लागते, हे या इतिहासाचे सार होय.

इनामगावची मुले

दाताची साक्ष किती टिकाऊ असते याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वस्ती होती. लहान मूल दगावले म्हणजे दोन घटांची तोंडे एकमेकांस जोडून त्यांत त्याला घराच्या जमिनीखालीच पुरण्याची तेथे चाल होती. जॉन लुकाच व सु. रा. वाळिंबे यांनी या सांगाड्यांचा अभ्यास केला. ज्या मुलांचे नाव वा जन्मदिवस कोठेही लिहिला गेला नाही, त्यांचे मृत्यूसमयीचे वय अजमावताना दातांच्या घडणीचा मोठा आधार मिळाला.

या अभ्यासातून आजच्या काळासही उपयोगी पडेल अशी एक गोष्ट कळते. उपासमार व आजारपण यांमुळे हाडांची वाढ लवकर खुंटते. दातांच्या घडणीवर त्यांचा परिणाम तुलनेने कमी होतो. इनामगावच्या अखेरच्या, म्हणजे उत्तर जोर्वे कालखंडातील मुलांचा पुढे ग्वेन रॉबिन्स शूग यांनी अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दातांवरून वय धरून त्या वयाच्या मानाने हाडे किती वाढली हे पाहिले असता, या मुलांची वाढ खुंटलेली असल्याचे दिसून आले. कुपोषित मुलाची अंगकाठी पाहून त्याचे वय ठरविणे किती फसवे असते, हे तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांनीच दाखवून दिले आहे.

अंदाजाची मर्यादा

असे असले तरी दात वर्षे सांगतात, तारीख सांगत नाहीत. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या दातांच्या घडणीतही फरक असतो. वाढत्या वयात हा फरक एक-दोन वर्षांपर्यंत सहज जातो, आणि वय जसजसे वाढते तसतसा तो रुंदावतो. सोळाच्या सुमारास सात दातांची घडण संपते. पुढे अक्कलदाढ हाच आधार उरतो, आणि सर्व दातांत अधिक लहरी तीच आहे.

दुसरी मर्यादा कोष्टकाची. एका देशातील मुलांवरून तयार केलेले कोष्टक दुसऱ्या देशातील मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाही. मणिपाल येथे दक्षिण भारतीय मुलांची डेमिर्जियन पद्धतीने तपासणी करण्यात आली, तेव्हा त्यांचे वय खऱ्या वयापेक्षा सरासरी सुमारे तीन वर्षांनी अधिक येते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. धारवाडचे आशित आचार्य यांनी २०११ मध्ये अक्कलदाढ धरून आठ दातांच्या पद्धतीकरिता भारतीय मुलांवर आधारलेली सूत्रे प्रसिद्ध केली. कोणते कोष्टक वापरले, हे अहवालात लिहिलेले असणे यास्तव आवश्यक आहे. पंधरा वर्षांची मुलगी परक्या कोष्टकाने अठरा वर्षांची ठरली, तर चूक कोष्टकाची असेल, पण परिणाम त्या मुलीला भोगावा लागेल.

मनगट, कोपर इत्यादी ठिकाणची हाडे जुळण्यावरून वय पाहण्याची चाचणीही अशीच अंदाजाची आहे. क्ष-किरण तपासणीने काढलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक संभवतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जया माला प्रकरणात नमूद केले. दात व हाडे या दोहोंचा विचार एकत्र केल्यास अंदाज अधिक सुरक्षित होतो. तरीही तो अंदाजच राहतो.

कायद्याने ठरविलेला क्रम

या मर्यादा ओळखूनच २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम घालून दिला आहे. पहिले स्थान शाळेने दिलेल्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा परीक्षा मंडळाच्या दहावीच्या वा तत्सम प्रमाणपत्राला. ते नसल्यास महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने दिलेला जन्माचा दाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच, बाल कल्याण समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशाने, हाडांची अथवा अन्य अद्ययावत वैद्यकीय चाचणी. ही चाचणी आदेशापासून पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी लागते. अत्याचारास बळी पडलेल्या मुलीचे वयही याच पद्धतीने ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात सांगितले. त्यावेळी आधीच्या कायद्याचे नियम लागू होते.

कागद मुळातच उपलब्ध नसेल तर चाचणीचा उपयोग कसा होतो, हे मुंबईतील एका बहुचर्चित खटल्यात दिसले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील आरोपी अजमल कसाब हा १८ वर्षांखालील आहे असा दावा त्याच्या वकिलांनी एप्रिल २००९ मध्ये केला. विशेष न्यायालयाने वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला. हाडे व दात तपासल्यावर त्याचे वय वीसच्या वर असल्याचा अभिप्राय आला आणि दावा फेटाळला गेला. संशयित वय अठरापासून पुरेसे दूर होते, म्हणून अंदाज येथे उपयोगी पडला. वय रेषेच्या अगदी जवळ असते तेव्हा असे स्पष्ट उत्तर मिळत नाही.

कागदाच्या दुबळेपणामुळे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. २०२३ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्यात मुलगी अल्पवयीन असल्याचे दाखविण्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला पुढे करण्यात आला. कलम ९४ मध्ये अपेक्षित असलेला दाखला हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. वैद्यकीय तपासणीत वय १८ ते २० वर्षे आले होते. परिणामी अल्पवयीन असल्याचे सिद्ध झाले नाही. जन्माचा अस्सल दाखला असता तर प्रश्न एका कागदाने सुटला असता, मग उत्तर कोणत्याही बाजूचे का असेना.

गावपातळीवर काय करता येईल

यातून गावातील जबाबदार व्यक्तींच्या वाट्यास येणारे काम स्पष्ट होते. जन्म घडल्यापासून २१ दिवसांच्या आत त्याची माहिती देणे १९६९ च्या जन्म व मृत्यू नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. रुग्णालयातील जन्माची माहिती रुग्णालय देते. घरी झालेल्या जन्माची माहिती कुटुंबप्रमुखाने द्यावयाची असते. मुदत टळली तरी नोंद करता येते, पण जसजसा काळ लोटतो तसतशी वाट लांबते. वर्ष उलटल्यावर सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मुलाचे नाव ठरले नसले तरी जन्म नोंदविता येतो आणि नाव मागाहून घालता येते. बारशाची वाट पाहत नोंद लांबविण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जातो. त्यामुळे या नोंदीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

शिक्षकांनी दोन गोष्टींचे भान ठेवावे. वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या कायद्याने स्पष्ट केले आहे. मात्र मूल दाखल करून घेताना तारीख अदमासाने लिहून विषय संपवू नये. जन्म कोठे झाला, माहेरी की रुग्णालयात, हे आईस विचारावे आणि तेथील निबंधकाकडून उतारा आणण्यास पालकांना साह्य करावे. आईच्या आठवणीत भाताची लावणी चालू होती की काढणी, गावची यात्रा झाली होती की व्हायची होती, एवढे जरी निघाले तरी नोंदवहीची कोणती पाने चाळावयाची हे ठरते. तारीख मात्र नोंदीवरूनच घ्यावी.

वैद्यकीय अहवाल हाती येतो तेव्हा तो वाचण्याची रीतही माहीत हवी. ‘१६ ते १८ वर्षे’ असे त्यात लिहिले असेल तर त्याचा अर्थ ‘१८ पूर्ण’ असा नव्हे. या दोन टोकांतील कोणतेही वय संभवते, एवढाच त्याचा अर्थ. सोयीचे टोक उचलून विवाह ठरविणे किंवा तो थांबविण्याचे टाळणे हा अहवालाचा दुरुपयोग होय. आणखी एक काळजी घ्यावी. क्ष-किरणांची मात्रा अशा चित्रात अल्प असली तरी कागद शोधण्याचा कंटाळा म्हणून मुलास यंत्रापुढे उभे करणे योग्य नाही. चाचणीचा आदेश देण्याचा अधिकार समितीचा व मंडळाचा आहे. शाळेचा, पंचायतीचा किंवा वधूवरांच्या पालकांचा नाही.

हिरडस मावळातील एखाद्या वाडीवर भर पावसात जन्मलेल्या मुलीची नोंद त्याच महिन्यात झाली, तर पुढे सोळाव्या वर्षी तिच्या विवाहाची बोलणी सुरू होताच तिच्या बाजूने बोलणारा एक पुरावा ग्रामपंचायतीच्या दप्तरात तयार असेल. नोंद झाली नसेल तर तिच्या जबड्याच्या चित्रावरून डॉक्टर ‘सोळा ते अठरा’ असे लिहितील आणि त्या दोन वर्षांच्या मोकळ्या जागेत कोणाचेही म्हणणे घुसू शकेल. दातांची साक्ष मोलाची आहे. ती शेवटी घ्यावयाची असते. पहिल्या साक्षीची सोय करण्याचे काम जन्मानंतरच्या एकवीस दिवसांत गावानेच करावयाचे आहे.